प्लाझाची जागा बांधकामासाठी देताना: मोजणीपासून परत ताब्यापर्यंत

शेजारच्या प्लॉटवर इमारत उभी राहायची असते. तळघर प्लॉटच्या कडेपर्यंत खोदलं की क्रेन, गज, पोती ठेवायला जागाच उरत नाही. मग बिल्डर पालिकेच्या मालमत्ता विभागाकडे अर्ज करतो: समोरच्या प्लाझाचा, म्हणजे फरसबंद सार्वजनिक चौकाचा, तुकडा दीड-दोन वर्षं वापरायला द्या. जागा द्यायला एक ठराव पुरतो. ती वेळेवर आणि धड अवस्थेत परत मिळायची तजवीज मात्र पहिल्याच कागदात करावी लागते, कारण खोदाई सुरू झाल्यावर काम थांबवणं कुणालाच परवडत नाही आणि बिल्डरला ते पक्कं ठाऊक असतं.

शक्यतो भाडेपट्टा करू नका, वापराचा परवाना द्या. भाडेपट्ट्याने जमिनीत हक्क तयार होतो आणि मुदत संपल्यावरही ताब्यासाठी भांडावं लागतं. परवाना फक्त वापराची मुभा देतो. पण नुसतं शीर्षक बदलून भागत नाही. आत ‘अनन्य ताबा’ लिहून ठेवला तर नाव काहीही असो, तो पट्टाच ठरण्याचा धोका राहतो. म्हणून पालिकेला तपासणीसाठी केव्हाही, आणि पाणी, वीज, ड्रेनेजच्या दुरुस्तीसाठी तातडीने आत जाता येईल हे कलम हवंच. पोटभाडं, विक्री कार्यालय आणि कुंपणावरच्या जाहिराती यांना स्पष्ट मनाई करा. जाहिरातीचं कलम विसरलं तर कुंपणाचा पत्रा जागेच्या भाड्यापेक्षा जास्त कमावू शकतो, तेही दुसऱ्याच्या खिशात.

अर्जात ‘400 चौरस मीटर’ एवढंच असेल तर परत पाठवा आणि टप्प्यानुसार नकाशा मागा: खोदाईत किती, सांगाड्याच्या कामात किती, फिनिशिंगमध्ये किती. शेवटच्या टप्प्यात बहुधा निम्मी जागाही लागत नाही. ती त्या तारखेला परत यायला हवी. नकाशात जमिनीवरच्या रेषेइतकंच वर आणि खाली काय आहे तेही पाहा. टॉवर क्रेन बंद असताना तिचा हात वाऱ्याबरोबर मोकळा फिरू द्यावा लागतो; बांधून ठेवला तर वादळात क्रेन कोसळू शकते. म्हणजे तो हात रात्री प्लाझावरून फिरणारच. त्यामुळे वरच्या अवकाशाचा वापरही परवान्यात हवा आणि लोकांच्या डोक्यावरून वजन न नेण्याची अटही. तळघराच्या भिंतीला आधार म्हणून जमिनीत तिरपे अँकर (मातीत रुतवून ताणलेल्या पोलादी सळ्या किंवा तारा) घातले जातात, ते थेट प्लाझाखाली येतात. काम झाल्यावर त्यांचा ताण काढायचा, शक्य तिथे ते उपसून काढायचे आणि जे राहतील त्यांची खोली व जागा दाखवणारा नकाशा द्यायचा, हे लिहून घ्या. नाहीतर काही वर्षांनी पाइपलाइन टाकणाऱ्याला ते खोदताना सापडतात.

सगळ्यात जास्त नुकसान वजनाने होतं. प्लाझाची फरशी माणसांसाठी असते, आणि खाली पार्किंग किंवा टाकी असेल तर स्लॅब साधारण 500 किलो प्रति चौरस मीटरच्या हिशेबाने बांधलेला असू शकतो. 50 किलोची दहा पोती एकावर एक रचली तर 500 किलो एका पोत्याच्या जागेत, म्हणजे सुमारे 0.3 चौरस मीटरवर येतात: चौरस मीटरला दीड टनाच्या वर. वाळूचा मीटरभर उंचीचा ढीगही तेवढाच पडतो. 6 घनमीटर काँक्रीट भरलेला ट्रान्झिट मिक्सर 25 टनांच्या आसपास जातो. तेव्हा मूळ स्ट्रक्चरल नकाशे काढा, भार तपासून घ्या आणि गाडीचा मार्ग, काँक्रीट पंपाचे पाय टेकायच्या जागा, ढिगाची कमाल उंची नकाशावर आखून द्या. ‘जड वाहन आणू नये’ असं मोघम कलम कुणी पाळत नाही.

खाली स्लॅब असेल तर कुंपणाचे खांब फरशीत ड्रिल करून बसवू देऊ नका. वॉटरप्रूफिंगला भोकं पडतात आणि गळती दिसते ती पुढच्या पावसाळ्यात. खांबांना काँक्रीटच्या ठोकळ्यांचं वजन द्या, वाऱ्याचा हिशेब करून. ताबा देण्याआधी शक्य असेल तर 48 तास पाणी साठवून गळतीची चाचणी घ्या, परत घेतानाही तीच.

ताब्याआधीचा पंचनामा दोघांच्या सह्यांचा हवा: प्रत्येक 3 मीटरवर लेव्हल (जमिनीच्या उंचीची नोंद), फरशी, बाक, दिवे, मॅनहोल यांचे तारखेसह फोटो, आणि ड्रेनेजच्या आत कॅमेरा फिरवून चित्रण. हे चित्रण वगळण्याचा मोह होतो, पण बिघाड तिथेच होतो. काँक्रीटची गाडी धुतलेलं पाणी पावसाच्या गटारात सोडलं की आत दगड होतो, मग पाइप बदलण्याशिवाय इलाज नसतो. धुण्यासाठी अस्तर घातलेला खड्डा सक्तीचा करा. झाडांभोवती खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येत कुंपण घाला. 30 सेंटिमीटरच्या खोडाला 3.6 मीटर. त्या घेरात ना ढीग, ना गाडी. माती दाबली गेली की मुळं गुदमरतात आणि झाड मरतं ते काम संपल्यावर, जेव्हा दोष कुणाचा हे ठरवता येत नाही.

लोकांसाठी किमान 1.8 मीटर रुंद सलग वाट ठेवा, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतील. उतार 1:12 पेक्षा तीव्र नको. अग्निशमन गाडीचा रस्ता त्या दलाकडूनच मंजूर करून घ्या. आत विक्रेते असतील तर त्यांची पर्यायी जागा ठरल्याशिवाय ताबा देऊ नका.

भाडं क्षेत्रफळ गुणिले दिवस या हिशेबाने, आगाऊ घ्या. बिल्डरला दुसरीकडे यार्ड आणि तिथून वाहतूक जितक्याला पडेल, त्याहून प्लाझा स्वस्त पडला तर तो गोदाम होतो. मुदतवाढीला दर चढता ठेवा: पहिल्या दोन महिन्यांना दीडपट, पुढे दुप्पट, मग तिप्पट. एकदम मोठा दंड लावला तर तो माफ करण्यासाठी दबाव येतो. दिवसाच्या हिशेबाने चढत जाणारं भाडं आपोआप वसूल होतं. अनामत बँक हमीच्या रूपात, पूर्ण फरशी नव्याने घालण्याच्या अंदाजाइतकी, आणि तिची मुदत दोषदायित्वाच्या (नंतर दिसलेले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या) कालावधीनंतरही काही महिने चालू राहील अशी. तृतीय पक्ष विम्यात पालिकेचं नाव घालायला लावा.

कुंपण रात्रीतून सरकत नाही, पण दर महिन्याला हातभर सरकतं. कोपऱ्यांवर पक्क्या खुणा करून पंधरा दिवसांनी संयुक्त मोजणी करा. वाढीव जागेला चढता दर लागू.

परत घेताना क्रेनचा पाया ठरलेल्या खोलीपर्यंत फोडलेला आहे ना, ते भरण्याआधी पाहा. फरशी उचलली असेल तर नैसर्गिक दगडाला क्रमांक घालून ठेवलेला हवा. पेव्हर ब्लॉकचा नवा लॉट रंगात जुळत नाही, म्हणून सुटे ब्लॉक आधीच बाजूला काढून ठेवा. खालचा थर थराथराने ठोकून भरला नसेल तर पहिल्या दमदार पावसात फरशी बसते. दोषदायित्व निदान 12 महिने ठेवा, आणि त्यात एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय बँक हमी सोडू नका.