वाढदिवसाला विमानात काही फुकट मिळतं का, आणि मिळवायचं असेल तर कसं

सरळ उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. वाढदिवस आहे म्हणून एअरलाइननं तुम्हाला केक, अपग्रेड, अनाउन्समेंट असलं काही द्यायलाच पाहिजे असा नियम कुठेच नाहीये. जे मिळतं ते त्या दिवशीच्या क्रूच्या मर्जीनं आणि त्यांना वेळ असेल तर. पण म्हणून काहीच मिळत नाही असंही नाही, नीट सांगितलं, योग्य वेळी सांगितलं आणि योग्य माणसाला सांगितलं तर बरेचदा काहीतरी छोटंसं होतं, आणि कधीकधी ते विकतच्या केकपेक्षा भारी असतं. ते कसं करायचं तेवढं लिहिते.

पहिली गोष्ट, त्यांना तुमचा वाढदिवस माहितीच नसतो. देशातल्या देशात तिकीट काढताना मोठ्या माणसाची जन्मतारीख बहुतेक वेळा विचारतच नाहीत, नाव, मोबाइल, मेल एवढंच. इंटरनॅशनलला पासपोर्टबरोबर जन्मतारीख जाते पण ती कागदपत्रांसाठी, ती बघून कोणी केक ऑर्डर करत बसत नाही. लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, गेटवर तुमचं आधार कार्ड हातात घेऊन बघणारा सीआयएसएफचा जवान हाच काय तो त्या दिवशी तुमची जन्मतारीख वाचणारा माणूस, आणि त्याला दुसरी कामं आहेत. तर 'त्यांनी स्वतःहून विश केलं नाही' म्हणून तोंड फुगवण्यात अर्थ नाही. एअरलाइनच्या फ्रीक्वेंट फ्लायर प्रोग्रामचे मेंबर असाल, म्हणजे एअर इंडियाचा महाराजा क्लब किंवा इंडिगोचा ब्लूचिप वगैरे, तर प्रोफाइलमध्ये जन्मतारीख भरलेली आहे का ते एकदा बघून घ्या, मेलबिल येणार असेल तर तिथूनच येईल. आणि कूपन आलंच तर आनंदानं नाचायच्या आधी खालची बारीक अक्षरं वाचा, कुठल्या तारखेपर्यंत चालतंय, कुठल्या तिकिटावर चालतंय ते.

आता अपग्रेडबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. 'काउंटरवर गोड बोला, वाढदिवस सांगा, बिझनेस क्लास मिळतो' हा सल्ला पुण्याहून उडणाऱ्या बहुतेक लोकांना लागूच होत नाही, कारण पुण्याहून जी विमानं जातात त्यातल्या बऱ्याच विमानांत बिझनेस क्लासच नसतो. सगळी सीट सारखी, फार तर पुढची रांग आणि इमर्जन्सी एक्झिटची रांग जरा ऐसपैस, आणि तिचे पैसे वेगळे. जो क्लास विमानात नाहीच तो काउंटरवरची पोरगी कुठून आणून देणार? एअर इंडियाच्या दिल्ली फ्लाइटला पुढे बिझनेस असतो, पण तिथेसुद्धा अपग्रेड एकतर पैसे भरून, बोली लावून किंवा पॉइंट वापरून होतं, नाहीतर इकॉनॉमी ओव्हरबुक झाली, म्हणजे सीटपेक्षा तिकिटं जास्त विकली गेली म्हणून काहींना पुढे ढकलतात तेव्हा, आणि तेव्हा पण आधी जुने मेंबर बघतात. वाढदिवसवाले या यादीत नाहीत. अन् शॅम्पेन वगैरे तर विसराच, आपल्याकडे डोमेस्टिक फ्लाइटमध्ये दारू देतच नाहीत, बिझनेसमध्ये पण नाही.

मग करायचं काय? तर केकच हवा असेल तर तो आधी बुक करा. अकासानं आपल्या खाण्याच्या मेनूमध्ये वाढदिवसासाठी केक आधी बुक करायची सोय ठेवलेली आहे. बाकी एअरलाइनवर बुकिंगच्या वेळी किंवा नंतर 'मॅनेज बुकिंग'मध्ये जाऊन खाण्याचे पर्याय बघा, काहीतरी गोड सापडतंच, फक्त हे फ्लाइटच्या दिवशी सकाळी आठवून उपयोग नाही, साधारण एक दिवस आधी उरकून टाका. लांबच्या इंटरनॅशनल फ्लाइटवर काही परदेशी एअरलाइन आधी कळवलं तर केक देतात, काही फुकट, काही पैसे घेऊन, ते तुमच्या एअरलाइनच्या साइटवर 'स्पेशल मील'च्या आसपास लिहिलेलं असतं. पैसे देऊन घेतलेला केक हा आपल्या हक्काचा, तो नाही आला तर बिनधास्त विचारा. फुकटच्या बाबतीत मात्र आवाज चढवायचा नाही, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

घरून केक न्यायचा असेल तर नेता येतो, देशातल्या फ्लाइटला केबिन बॅगेत केक चालतो. पण क्रीमचा मोठा केक नेऊ नका हो, प्लीज. साधारण ७ किलोची एक बॅग, वर लॅपटॉप, त्यात तो चौकोनी खोका एक्स-रेच्या पट्ट्यावर आडवा ठेवायचा, मग वरच्या कप्प्यात कोणीतरी आपली ट्रॉली त्याच्यावर सारणार, हे ठरलेलं. पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीचा मावा केक घ्या, तो सुका असतो, दाबला गेला तरी मरत नाही, कापायला सुरी लागत नाही आणि शेजारच्याला एक तुकडा देता येतो. इंटरनॅशनल असेल तर १०० मिलीचा नियम आहे, जारमधला केक, सॉस, मूस असलं मऊ पातळ काही असेल तर सिक्युरिटीला ते लिक्विडमध्ये धरू शकतात, तेव्हा सुका केकच बरा.

सुरी धातूची असेल तर चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये फक्त प्लॅस्टिकची. मेणबत्ती नेली तरी पेटवता येणार नाही, विमानात ज्योत म्हणजे ज्योत, वाढदिवस असो नाहीतर सत्यनारायण. काडेपेटी आणि लायटर केबिनमध्येही नाही, चेक-इनमध्येही नाही. ती ठिणग्या उडवणारी फुलबाजीसारखी मेणबत्ती आणि पार्टी पॉपर हे तर फटाक्यांमध्ये मोडतात, आणि स्नो स्प्रे घरीच ठेवा. फुगे न्यायचे तर न फुगवता न्या, कारण वर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, म्हणजे आपल्या पुण्यातल्यापेक्षा कमी, त्यामुळे खाली टम्म फुगवलेला फुगा वर आणखी फुगतो आणि फट्टकन फुटतो. विमानात तसा आवाज झाल्यावर शंभर माणसं तुमच्याकडे कशी बघतील विचार करा.

इथे आमच्या आत्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे. मुलाचा चाळिसावा वाढदिवस, सगळे मिळून दिल्लीला निघालेलो, आणि आत्यानं विमानातच औक्षण करायचं ठरवलेलं, कोणाला काही न सांगता. सिक्युरिटीला तिचा स्टीलचा डबा बाजूला काढला. उघडला तर आत नीरांजन, तुपात भिजवलेली फुलवात, सुपारी, सोन्याची अंगठी, हळदकुंकवाची कोयरी, आणि कोपऱ्यात रुमालात गुंडाळलेली काडेपेटी. त्या माणसानं काडेपेटी दोन बोटांत धरून वर केली आणि आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "अहो, मुलाचा वाढदिवस आहे हो." तो अगदी हसून, "माताजी, हॅपी बर्थडे, लेकिन ये नहीं जाएगी." बाकी सगळं गेलं. शेवटी गेटजवळच्या खुर्च्यांवर बसून न पेटवलेल्या नीरांजनानं ओवाळलं, समोरच्या रांगेतल्या एका आजींनी सुपारी कशी फिरवायची ते तिथूनच सांगितलं, आणि मला विचाराल तर ही जागा विमानापेक्षा बरीच सोयीची आहे. बसायला जागा, मागे कोणी खोळंबलेलं नाही. औक्षणाचं सामान नेणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, सुक्या खोबऱ्याची वाटी पॅक करू नका, त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानाच्या सामानात ते नको असतं.

आता क्रूला सांगायचं कसं. विमानाच्या दारात उभं राहून नाही, मागे लाइन तुंबलेली असते आणि त्या बाईला प्रत्येकाचा बोर्डिंग पास बघायचा असतो. आपल्याकडे साधारण ५० सीटमागे एक केबिन क्रू असा हिशोब आहे, म्हणजे १८६ सीटच्या एअरबसला चार जण. पुणे-गोवा सारखी तासाभराची फ्लाइट असेल तर चढणं-उतरणं सोडून त्यांच्या हातात अर्धा-पाऊण तास, त्यात खाण्याची गाडी फिरवायची, पैसे घ्यायचे, कचरा गोळा करायचा. तुमचा केक त्या अर्ध्या तासात कुठे बसतो ते तुम्हीच बघा. दिल्लीची दोन तासांची असेल तर जरा चान्स जास्त.

बेल्ट साइन गेल्यावर, सर्व्हिस सुरू व्हायच्या आधी किंवा गाडी मागे गेल्यानंतर, हळूच उठून मागच्या किचनपाशी जा. एका चिठ्ठीवर नाव आणि सीट नंबर लिहून न्या, कारण आवाजात नावं ऐकू येत नाहीत आणि 'मृण्मयी'चं काय होईल सांगता येत नाही. आणि असं काहीतरी म्हणा: बारा सीवर माझी आई आहे, आज पंचाहत्तरी आहे, पहिल्यांदाच विमानात बसलीये, जमलं तर एक विश करा, नाही जमलं तरी काही प्रॉब्लेम नाही. हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणायचं, त्यानंच काम होतं. दुसऱ्यासाठी मागितलेलं लवकर मिळतं हा माझा अनुभव, स्वतःसाठी मागताना माणूस उगाच केविलवाणा वाटतो. म्हणून नवऱ्याला, बहिणीला, मित्राला पाठवा. एकटेच असाल तर नुसतं हसून 'आज माझा बर्थडे आहे' एवढं सांगून सोडून द्या, पुढचं त्यांच्यावर.

जाता जाता सोबत बाकरवडीचं सीलबंद पाकीट नेलंत तर फारच छान, क्रूसाठी, लाच म्हणून नाही, पहाटे अडीचला ड्युटीवर आलेल्या माणसाला कोणी काही देत नाही म्हणून. सुटं, घरी केलेलं देऊ नका, ते त्यांना घेता येईलच असं नाही.

मिळतं काय? एकदा गोव्याच्या फ्लाइटला माझ्या पुढच्या रांगेत सहा-सात वर्षांची मुलगी होती, तिच्या बाबांनी असंच मागे जाऊन सांगितलं. उतरायच्या थोडं आधी एक क्रूवाली आली, हातात टिश्यू पेपरची घडी घालून केलेलं कार्ड, त्यावर बॉलपेननं विमान काढलेलं, खिडक्यांमध्ये चार हसरे चेहरे आणि खाली चौघांच्या सह्या. बॉलपेन टिश्यूवर अडकून एका ठिकाणी फाटलेलं पण होतं. त्या पोरीनं ते पुण्याहून नेलेल्या सगळ्या खेळण्यांच्या वर ठेवलं. क्रूला द्यायला खरंतर एवढंच असतं, एखादं कार्ड, ज्यूस, कपकेक उरला असेल तर तो, किंवा माइकवर दोन वाक्यं.

त्या माइकच्या दोन वाक्यांबद्दल एक विनंती. लोहगाव हा मुळात एअर फोर्सचा तळ आहे, धावपट्टी त्यांची, आणि पुण्याच्या बऱ्याच फ्लाइट रात्री-अपरात्री असतात. पहाटे चारच्या विमानात लाइट घालवलेले असताना अख्ख्या विमानाला टाळ्या वाजवायला लावण्याचा हट्ट करू नका, लोक दोन तास झोपायला बसलेले असतात. आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला ते आवडेल का हे पण आधी बघा, माझ्या नवऱ्याला असलं केलं तर तो विमानातून उतरूनच जाईल. व्हिडिओ काढताना पण भान ठेवा, एअर फोर्सचा तळ असल्यामुळे खिडकीबाहेर जमिनीवरचं शूटिंग करू नका, क्रूनं खिडकीचं शटर खाली करायला सांगितलं तर निमूट करा.

लहान मुलांना कॉकपिट बघायचं असतं. उडत्या विमानात ते अजिबात शक्य नाही, मागू पण नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली फ्लाइटला पायलटनं मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं तर डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, एअर इंडियाला ३० लाख दंड केला आणि पायलटचं लायसन्स तीन महिने सस्पेंड केलं. पण विमान गेटला लागल्यावर, सगळे उतरून गेल्यावर क्रूला विचारा, कॅप्टनला घाई नसेल तर कधीकधी दारातून डोकवायला मिळतं. नाही म्हणाले तर नाही.

दुबईला वगैरे जाणार असाल तर एक फुकटची गंमत मात्र नक्की मिळते, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तुमचा वाढदिवस साडेपंचवीस तासांचा. सिंगापूरला उलटं, अडीच तास कापले जातात, तेव्हा केक आधी कापा.

आणि भांडायचंच असेल तर जिथे खरोखर हक्क आहे तिथे भांडा. वेळेत चेक-इन केलं असेल आणि अडीच तासांपर्यंतची फ्लाइट दोन तास किंवा त्याहून जास्त लेट होणार असेल, तर डीजीसीएच्या नियमानं खाणंपिणं त्यांनी द्यायचं असतं, अडीच ते पाच तासांच्या फ्लाइटला हाच आकडा तीन तास. रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये सुटणारी फ्लाइट ६ तासांहून जास्त लेट झाली तर हॉटेल, आणि पुण्यात या वेळेतल्या फ्लाइट भरपूर आहेत. ओव्हरबुकिंगमुळे तुमच्या मर्जीविरुद्ध बसू दिलं नाही आणि २४ तासांच्या आतली पर्यायी फ्लाइट दिली तर एकमार्गी मूळ भाडं आणि फ्युएल चार्ज यांच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशिराची दिली तर चौपट, २०,००० पर्यंत. एका तासाच्या आत सुटणारी दुसरी फ्लाइट दिली तर मात्र पैसे नाहीत. इथे वाढदिवस मध्ये आणू नका, नियमाचं नाव घ्या, लेट झाल्याचा एसएमएस आणि बोर्डिंग पासचा फोटो ठेवा, आणि काउंटरवर दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा अ‍ॅपवर तक्रार टाका.