आजोबांची कट्यार, खुकरी, संगीन घरात आहे? मग या चुका टाळा

सातारा, कोल्हापूर, सांगली, कोकण, या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या फौजेत गेलेली घरं आहेत आणि अशा बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर देवघरात एखादं पातं असतंच. पणजोबांची कट्यार, पहिल्या महायुद्धातून आलेली संगीन, गोरखा पलटणीतल्या दोस्ताने निरोपाला दिलेली खुकरी. बाजारात किती येतील हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, ते धरणारा हात आपल्या घरातला होता ना. म्हणूनच प्रेमापोटी त्याची जी वाट लावली जाते ती बघून जीव तुटतो.

चकाचक करायला जाणं

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, पितळ पॉलिश, आणि कहर म्हणजे बफिंग मशीन. जुन्या कट्यारीवर कोफ्तगिरीचं काम असेल तर ते सोनं म्हणजे लोखंडावर ओरखडे पाडून त्यात ठोकून बसवलेली बारीक तार असते, बफिंगच्या चाकाखाली ती काही सेकंदांत उडते आणि परत येत नाही. जुन्या पोलादाच्या पात्यावर लहरींची नक्षी असते, जौहर म्हणतात, तीसुद्धा घासलं की दिसेनाशी होते. काळपट झालेलं पातं खराब नसतं, तो थर उलट लोखंडाला सांभाळतो. हटवायचा तो फक्त लालसर, बोटाला पावडर लागते तो गंज. त्यावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुती कापडाने पुसा, चिकटून राहिला तर बांबूच्या काडीने हळूच खरवडा, घाई नको, दोन-चार वेळा करावं लागेल. धार लावणाऱ्याकडे तर नेऊच नका, त्या धारेवरचे खाचे हाच त्याचा इतिहास आहे.

खंडेनवमी झाली की तसंच ठेवून देणं

पूजा जरूर करा, शस्त्रपूजन आपल्या घरातली फार सुंदर गोष्ट आहे. पण हळदकुंकू, पाण्याचा शिंतोडा, ओल्या झेंडूची माळ हे सगळं पात्यावर राहतं, मग कापडात गुंडाळून डायरेक्ट पुढच्या दसऱ्याला बाहेर. तोवर त्या ठिपक्यांखाली लोखंड खाल्लेलं असतं. पूजा मुठीला नाहीतर म्यानाला करा, किंवा पात्याला केलीत तर त्याच संध्याकाळी कोरडं पुसून तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं.

चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं पातं ठेवणं हीपण तशीच चूक, चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला खातात. म्यान बाजूला ठेवा, पातं वेगळं, सोबत सिलिका जेलची पुडी.

म्यान अडकलं, मूठ हलतेय

पावसाळ्यात लाकडी म्यान फुगतं, पातं निघत नाही. आत तेल ओतू नका, जोरही लावू नका, हवा कोरडी होऊ द्या. खुकरी काढताना म्यान मागच्या बाजूने धरायचं, धारेकडे बोटं अजिबात नाहीत कारण जुनं म्यान शिवणीत उसवलेलं असलं तर धार सरळ बोटात येते. खुकरीच्या म्यानामागे कर्दा ही छोटी सुरी आणि चकमक हा धार नसलेला पोलादी तुकडा असतो, ती दोन्ही आधी शोधा, बहुतेक घरांत तीच हरवतात. मूठ हलत असेल तर एम-सील, फेविक्विक भरू नका. जुन्या मुठी लाखेने, राळेने बसवलेल्या असतात, जाणकार माणूस ती गरम करून परत बसवू शकतो, तुमचं एम-सील मात्र काढताना मूठच फुटते.

"शिवकालीन आहे" असं सांगत सुटणं

जे माहीत नाही ते जोडू नका, त्याने खरी गोष्टपण झाकली जाते. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्यात आली, त्यांच्या पेटीवर ती साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफला मिळाल्याचा मजकूर आहे, तरी ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता येत नाही असं ते म्युझियम स्वतः सांगतं. एवढी काळजी आपणही घ्यावी. आणि विकत घेणार असाल तर "शिवकालीन" म्हणून विकली जाणारी बरीच पाती ॲसिडने जुनी केलेली असतात, सगळीकडे एकसारखा गंज आणि ग्राइंडरच्या सरळ रेघा दिसल्या की मागे फिरा.

संगिनीबद्दल एक घोळ कायम होतो. पात्याच्या मुळाशी १९०७ दिसतं आणि लोक म्हणतात १९०७ ची आहे. तो नमुन्याचा आकडा आहे, बनवल्याचा महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे त्याच्या आसपास वेगळे ठोकलेले असतात. आरएफआय (RFI) ही अक्षरं असतील तर ती ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची.

कायद्याकडे दुर्लक्ष

९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं असलेली खंजीर, खुकरीसारखी हत्यारं शस्त्र कायद्याच्या नियमांच्या यादीत येतात, लायसन लागतं का ते तुमच्या भागातल्या अधिसूचनेवर ठरतं, तेव्हा पोलीस स्टेशनला विचारून घ्या. मिरवणुकीत नाचवणं, केक कापून रील टाकणं, यावरून गुन्हे दाखल होतात. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात मोडते, ती अमेरिकेतल्या मुलाला कुरिअर करता येत नाही. हस्तिदंताची मूठ असेल तर विकायचा विषयच नाही.

वाटणीत तुकडे करणं

एका भावाकडे पातं, दुसऱ्याकडे म्यान, पदकं तिसऱ्याकडे, आणि फौजेतल्या नोकरीची नोंद असलेलं डिस्चार्ज बुक रद्दीत. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं म्हणून अनेक पदकं सोनाराकडे वितळली, आणि त्याच्याच कडेवर त्या माणसाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. तुमच्याकडे असेल तर कडेचा फोटो भिंगातून काढा, डिस्चार्ज बुकच्या प्रत्येक पानाचाही काढा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून हे पातं कुणाचं, कुठून आलं ते त्यांच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून सगळ्या भावंडांना पाठवा, वाटणी त्यानंतर.