घरात वचन वापरायचं कसं, आणि आधी कोणावर

ख्रिस्ती घरात भांडण तापलं की पवित्र शास्त्रातली वचनं फार पटकन आठवतात, आणि गंमत अशी की ती सगळी समोरच्याला लागू होणारी असतात. नवऱ्याला 'स्त्रियांनो, अधीन असा' पाठ, आईवडिलांना 'मुलांनो, आज्ञेत राहा' पाठ, आणि कॉलेजात गेलेल्या पोराला 'बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका' हे अध्याय-वचनाच्या नंबरसकट पाठ. रविवारी सगळे एकाच बाकावर बसून आमेन म्हणतात आणि सोमवारी सकाळी डबे भरताना तीच वचनं एकमेकांना फेकून मारतात.

त्यामुळे 'घरात बायबलप्रमाणे कसं वागायचं' असं कोणी विचारलं की मी आधी एवढंच सांगते की ज्या ओळीवर तुमचं नाव आहे ती वाचा, शेजारच्याची नको. ऐकायला सोपंय पण करताना जड जातं, म्हणून नीट क्रमाने लिहितेय.

१. पेन्सिल घ्या आणि आपली ओळ शोधा

इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय काढा, २१ व्या वचनापासून सुरू करा आणि ६ व्या अध्यायाच्या ४ पर्यंत या. दहा मिनिटांचं काम आहे. वाचताना प्रत्येक वचन कोणाला उद्देशून आहे ते समासात लिहायचं, बायकोला, नवऱ्याला, मुलांना, बापाला. मग फक्त आपल्या नावाची वचनं वहीत उतरवायची, बाकीच्यांची उतरवायची नाहीत, कितीही मोह झाला तरी.

हे केल्यावर एक गोष्ट दिसते जी भांडणात कोणालाच आठवत नाही. अधीन असण्याची गोष्ट २२ व्या वचनात येते पण त्याच्या आधीचं २१ वं सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगतं. बायकांना उद्देशून तीन वचनं आहेत, २२ ते २४, आणि २५ पासून ३३ पर्यंत जवळजवळ सगळं नवऱ्यांना, की ख्रिस्ताने मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) स्वतःला दिलं तशी प्रीती करा. म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने जास्त शाई नवऱ्यांवर खर्च केलीये! लग्नाच्या प्रवचनात मात्र हे प्रमाण बऱ्याचदा उलटं होतं, का ते तुम्हीच बघा.

कलस्सैकरांस पत्र ३ अध्याय १८ ते २१ मध्ये हेच थोडक्यात आहे, वेळ नसेल तर चार वचनं तरी वाचा.

२. वहीतलं वचन कामात उतरवा, आणि काम छोटं ठेवा

'आजपासून मी बायकोवर ख्रिस्तासारखी प्रीती करीन' असं ठरवून काही होत नाही, संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. त्यापेक्षा असं काहीतरी ठरवा जे झालं का नाही ते घरातल्या कोणालाही सांगता येईल. उदाहरणार्थ रविवारचं. बऱ्याच घरांत रविवारी पाहुणे येतात, मटण शिजत असतं, आणि घरातली बाई उपासनेला एकतर उशिरा पोचते किंवा शेवटचं गीत चालू असतानाच निघून येते. लूकच्या १० व्या अध्यायातली मार्था आणि मरीया सगळ्यांना माहितीये, प्रभूच्या पायाशी बसलेल्या मरीयेचं कौतुक सगळे करतात पण आपल्या घरच्या मार्थेला बसायला मिळावं म्हणून कांदा कोण चिरणार हा प्रश्न कोणी काढत नाही. तर नवऱ्यांनो, हे घ्या काम. शनिवारी रात्रीच वाटण करून फ्रीजमध्ये ठेवा किंवा रविवारी साधा खिचडी-पापड करा, पाहुणे काही उपाशी जात नाहीत.

नीतिसूत्रे ३१ चंही तसंच. सद्गुणी स्त्री रात्र सरायच्या आत उठते हे १५ वं वचन सासरच्या सगळ्यांना पाठ असतं, तिची मुलं आणि नवरा उठून तिची प्रशंसा करतात हे २८ वं मात्र पाठ असलेला माणूस मला तरी क्वचितच भेटलाय.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच पाहिजे. अधीन असणं म्हणजे मार खाणं नाही. कोणी वचन दाखवून मारहाण, शिवीगाळ, पैशाची अडवणूक सहन करायला सांगत असेल, मग तो नवरा असो, सासू असो की मंडळीतलं कोणी वडीलधारं, तर त्याला पेत्राचं पहिलं पत्र ३ अध्याय ७ वं वचन दाखवा, तिथे नवऱ्यांना सरळ सांगितलंय की बायकोला मान द्या नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. आणि अशा घरात नुसती प्रार्थना करत बसू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ख्रिस्ती बायकांनाही तसाच लागू आहे, महिला हेल्पलाइन १८१ आणि मुलांसाठी १०९८, दोन्ही नंबर सेव्ह करून ठेवा. खालची जी पायरी आहे समेटाची, ती अशा घरासाठी नाही, तिथे आधी सुरक्षित जागी जायचं.

३. राग आला की काय करायचं

रागावणं हेच पाप असं आपल्याकडे काही लोकांना वाटतं म्हणून मग घराघरात अबोला चालतो, आठ-आठ दिवस, भाजी वाढायची पण बोलायचं नाही. इफिस ४:२६ बघा, रागावा पण पाप करू नका आणि राग घेऊन सूर्य मावळू देऊ नका. राग येणार हे धरूनच चाललंय ते वचन, मुदत तेवढी घातलीये. पण याचा अर्थ रात्री साडेअकराला झोपेने डोळे मिटत असताना भांडणाचा निकाल लावायचा असा घेऊ नका, त्याने भांडण वाढतंच. रात्री एवढंच म्हणायचं की 'मला अजून राग आहे पण मी तुझ्यावर रुसून बसलेलो नाही, उद्या चहा झाल्यावर बोलू' आणि दुसऱ्या दिवशी खरंच बोलायचं. तो उद्या आलाच नाही तर मग वचन मोडलंच समजा.

बोलायचं कसं ते मत्तय १८:१५ मध्ये आहे. भावाने अपराध केला तर जा आणि दोघंच असताना त्याला त्याचा दोष दाखव. दोघंच. म्हणजे आधी बहिणीला फोन नाही, माहेरी नाही, फॅमिली ग्रुपवर टोमण्याचं वचन टाकून 'ज्याला कळायचं त्याला कळलं' असं नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रार्थनेत नाही. हो, प्रार्थनेत सुद्धा लोक टोमणे मारतात, 'प्रभू, या घरातल्या काही जणांना नम्रता दे' असं डोळे मिटून मोठ्याने म्हणणारे कमी नाहीत. ती देवाशी बोललेली गोष्ट नसते, शेजारी बसलेल्याशी असते. दोघांत मिटलं नाही तरच पुढच्या वचनात एक-दोघांना बरोबर घ्यायला सांगितलंय, आणि ते कोण हे भांडण नसताना, डोकं थंड असतानाच ठरवून ठेवा, दोघांनाही चालतील अशी माणसं, फक्त एकाच्या बाजूची नकोत.

आणि चूक आपलीच असेल तर मत्तय ५:२३-२४. अर्पण वेदीजवळ आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट बघा, 'माझ्या मनात' नाही, 'त्याच्या मनात'. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा) रविवार असेल तर आदल्या दिवशी घरात एकदा विचारायचं की माझ्याबद्दल कोणाच्या मनात काही आहे का. पहिल्या वेळी सगळे नाही म्हणतील, कारण कोणाचाच विश्वास बसत नाही. विचारत राहा, आणि कोणी बोललं तर त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, फक्त ऐकायचं. याकोब १:१९ इथे कामाला येतं, ऐकायला तत्पर, बोलायला आणि रागवायला सावकाश.

माफी मागताना 'पण' लावायचा नाही. 'मी ओरडलो, चुकलं, पण तू पण…' ही माफी धरत नाहीत. मुलांचीसुद्धा माफी मागायची, त्याने आईबापाचा मान जात नाही.

४. मुलांबरोबर

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात ६:७ मध्ये वचनं मुलांना कधी शिकवायची ते सांगितलंय, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना. यात तासभर समोर बसवून लेक्चर द्या असं कुठेच नाहीये. स्कूटरवर शाळेत सोडताना, भाजी निवडताना, झोपायच्या आधी लाइट बंद करून, असं जमतं ते.

कौटुंबिक प्रार्थना सुरू करायची असेल तर छोटी ठेवा, एक गीत, थोडं वाचन, प्रत्येकाने एक-एक वाक्य प्रार्थना, संपलं. पेटी-तबला नसेल तरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं नुसत्या टाळ्यांवर छान होतात, आजीआजोबांना ती तोंडपाठ असतात त्यामुळे सुरुवात त्यांच्याकडे द्या. वाचायला मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ च अध्याय आहेत, गोष्टी पटापट पुढे जातात. नीतिसूत्र्यांचे ३१ अध्याय आहेत त्यामुळे तारखेप्रमाणेही वाचता येतं, आज १२ तारीख तर १२ वा अध्याय, त्यातलं प्रत्येकाने आवडलेलं एक वचन सांगायचं. इंग्लिश मीडियमच्या मुलांना जुनी भाषा कळत नसेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर आणा, लाजू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना वाचता यावं म्हणूनच की, त्या १९२२ साली गेल्या आणि ते छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

दोन गोष्टी करू नका. शिक्षा म्हणून वचन पन्नास वेळा लिहायला लावू नका, त्या मुलाला ते वचन जन्मभर शिक्षाच वाटतं. आणि मुलांमध्ये डावंउजवं करू नका. उत्पत्ति ३७ मध्ये याकोबाने एकट्या योसेफाला तो झगा करून दिला आणि भावांनी त्याला खड्ड्यात टाकून वीस रुप्यांना विकलं, आपल्याकडे झग्याच्या जागी मोबाइल असतो, किंवा मुलाला इंजिनिअरिंग आणि मुलीला 'बघू'. शिस्त लावायचीच, इफिस ६:४ शिस्तीचं आणि शिक्षणाचं बोलतंच, पण त्याच वचनाचा पहिला अर्धा भाग बापाला आवरतो.

५. सासर, माहेर, म्हातारे आईवडील

इथे सगळ्यात जास्त ओढाताण असते आणि वचनंही दोन्ही बाजूंनी ओढली जातात. उत्पत्ति २:२४ म्हणतं पुरुष आईबापाला सोडून बायकोशी जडून राहील. सुना हे दाखवतात. दहा आज्ञांतली पाचवी म्हणते आईबापाचा मान राख (कॅथलिक मोजणीत ती चौथी). सासवा हे दाखवतात. मला विचाराल तर दोन्ही त्या मुलालाच लागू आहेत आणि तो मात्र दोघींच्या मध्ये टीव्ही बघत बसलेला असतो. घरातले निर्णय, म्हणजे पैसे, मुलांची शाळा, सुट्टीत कुठे जायचं, हे आधी नवरा-बायकोने ठरवायचे आणि आईला ते मुलाने स्वतः सांगायचे, 'ती म्हणते' असं म्हणून नाही, 'आम्ही ठरवलंय' म्हणून.

आणि जडून राहणं म्हणजे आईबापाचं औषधपाणी बंद असंही नाही. मार्क ७ मध्ये येशूने नेमकं हेच पकडलंय, लोक आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलंय असं सांगून हात झटकायचे. मंडळीत मोठी देणगी आणि गावाकडच्या आईला ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचे पैसे नाहीत, असं असेल तर आधी गोळ्या. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात ५:८ तर फार कडक आहे, जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय. पगार आल्या दिवशीच दोन्हीकडच्या आईवडिलांची रक्कम बाजूला काढायची, दोन्हीकडच्या, मुलीच्या आईवडिलांचीसुद्धा.

लग्नपत्रिकेवर हमखास छापतात ना, 'तू जाशील तिकडे मी येईन', ते बायबलमधल्या रूथने नवऱ्याला नाही म्हटलेलं, सासूला म्हटलंय, नामीला. पण तेच पुस्तक पूर्ण वाचा, नामीसुद्धा सुनेच्या पुढच्या आयुष्याची व्यवस्था बघते, तिला 'माझ्या मुली' म्हणते. सासूबाईंनी आपली ओळ तिथे शोधावी.

६. नातेवाईक वेगळ्या धर्माचे असतील तर

महाराष्ट्रात आपल्यातल्या बऱ्याच जणांचे मामा-काका, जावा, आता जावई-सुना हिंदू, बौद्ध आहेत, गणपतीचं आणि वर्षश्राद्धाचं बोलावणं येतंच. रोमकरांस १२:१८ म्हणतं तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीने राहा. प्रसादाचं म्हणाल तर करिंथकरांस पहिल्या पत्राचे मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे ८ आणि १० हे अध्याय नवरा-बायकोने एकत्र वाचून, लागलं तर पाळकसाहेबांशी बोलून, सणाच्या आधीच ठरवा. तिथे दारात उभं राहून एकमेकांकडे बघू नका. घ्यायचा नाही ठरलं तर हात जोडून प्रेमाने नको म्हणायचं, तोंड वाकडं करायचं नाही, आणि जेवायला थांबायचं, भांडी उचलायला मदत करायची. घरातल्या एकाने घेतला आणि एकाने नाही तर परत येताना रिक्षात त्यावरून भांडू नका, खाण्यावरून एकमेकांना दोष लावू नका असं सांगणारा रोमकरांस १४ त्यासाठीच आहे.

आता घरातलं कोणी, बहुतेक वेळा वयात आलेला मुलगा नाहीतर नवराच, प्रार्थनेला बसतच नसेल तर? ओढून बसवू नका, त्याच्या नावाने मोठ्याने रडून प्रार्थना करू नका. बाकीचे जेवढे आहेत तेवढ्यांनी बसायचं, दार उघडं ठेवायचं, आणि संपल्यावर त्यालाही सगळ्यांसारखाच चहा.