ठासणीच्या बंदुकीची नळी: आधी पाणी, मग तेल

ठासणीच्या बंदुकीत (तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या) काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता क्षार होऊन उरतो. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. मुंबईच्या जुलैत नळी एका रात्रीत तांबूस होते. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. बार उडवल्यावर थेट तेल घातलं की ते क्षार तेलाखाली दबून नळी खातच राहतात.

बंदूक भरलेली नाही ना, हे सर्वांत आधी. गज (नळीत घालायची लांब सळई) तळापर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तोच गज नळीला बाहेरून लावा. टोक बत्तीच्या भोकापर्यंत (जिथून आग आत जाते) किंवा निपलपर्यंत (ज्यावर टोपी बसते ती बारीक नळी) पोचायला हवं. दोन बोटं जरी कमी पडलं तरी आत बार, म्हणजे दारू आणि गोळी, आहे असं धरा, हात थांबवा आणि परवानाधारक कारागिराला दाखवा. कोरडी राहिलेली दारू कितीही जुनी असली तरी पेट घेते.

निपल काढा. नळी दस्त्यातून (लाकडी भागातून) सुटत असेल तर तिचं बुड कोमट साबणपाण्याच्या बादलीत ठेवा. पन्नास कॅलिबरच्या (अर्धा इंच भोकाच्या) नळीला मांजरपाटाची साधारण दोन इंची चौकोनी चिंधी पुरते. जाड झाली तर गज अडकतो, पातळ झाली तर चिंधी आत सुटते. गज वरखाली केला की पाणी निपलच्या वाटेने आत खेचलं जातं. काळं येणं थांबलं की स्वच्छ पाणी, मग चिंधी कोरडी निघेपर्यंत कोरड्या चिंध्या. पाणी उकळतं नको, वाळताना त्यानेच गंज धरतो. बुडाशी दारूचा कप्पा अरुंद असेल तर मोठी चिंधी तिथे पोचतच नाही. बारीक ब्रश लागतो.

पॉलिश फक्त गंज किंवा खरखर असेल तरच. हिरव्या घासणीचा तुकडा किंवा चार शून्यांची (0000, सर्वांत बारीक) स्टील वूल (मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळते) तेलात भिजवून गजाला गुंडाळा. तोंडाशी गज घासून कड झिजू नये म्हणून पितळी गाइड हवाच. ती कड बिघडली की नेम गेला. पूर्ण लांबीचे वीसेक हात मारा, पुसा, आत छोटा एलईडी सोडून बघा. आटे (आतल्या पिळाच्या खाचा) असलेल्या नळीत गज आट्यांबरोबर फिरला पाहिजे. ड्रिल मशीन आणि एमरी पेपर नकोच. गंजाचे खड्डे घासून जात नाहीत; त्यांच्या मागे लागलात तर नळीचं भोक मोठं होतं.

शेवटी गन ऑइलची चिंधी फिरवा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी घालून तपासा; तांबूस निघाली तर पुन्हा पाण्यापासून. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करा. बंदूक तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. फोमच्या पेटीत ओल साचते, तिथे ठेवू नका. पुढच्या वेळी भरण्याआधी तेल पूर्ण पुसा, नाहीतर दारू ओली होऊन बार फुसका जातो.