बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करता? शुगरवाल्यांनो, या चुका टाळा

जिंतुरात माझं मेडिकल आहे. शुगर आणि बीपी दोन्ही असलेली माणसं रोज दुकानात येतात आणि त्याच त्या चुका करतात. त्या चुका मेंदूवर निघतात, म्हणून हे लिहायला बसलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे, "बीपी नॉर्मल आलंय, आता गोळी कशाला?" अहो, गोळी चालू आहे म्हणूनच ते नॉर्मल आलंय! आमच्या गल्लीतल्या एका मामांना टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू होती. सोयाबीनच्या सुगीत बीपी 126/80 भरलं. पारावर कुणीतरी सांगितलं, रोजच्या गोळीनं किडनी जाते, सोडून द्या. खरं तर मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील तर डॉक्टर याच जातीची गोळी किडनी वाचवायला देतात. फक्त अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासावं लागतं. मामांनी महिनाभर स्ट्रिप नेली नाही, आणि माझ्याही ते ध्यानात आलं नाही. याची मला अजून टोचणी आहे. एके दिवशी पहाटे पाचला चहा घेताना उजव्या हातातली बशी पडली, बोलणं बोबडं झालं. घरच्यांनी हाताला तेल चोळलं, ऊन वर येईपर्यंत वाट पाहिली. परभणीला पोचेपर्यंत अकरा वाजले. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली होती. मामा आता काठी टेकत चालतात, पण नातवाला हाक मारताना नाव आठवत नाही.

ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाचे निकाल 1998 साली आले. टाइप 2 मधुमेह असलेल्या ज्यांचं बीपी सरासरी 144/82 राहिलं, त्यांच्यात लकवा 154/87 वाल्यांपेक्षा 44 टक्क्यांनी कमी होता. वरच्या आकड्यात फरक फक्त दहाचा. आता तर बहुतेक डॉक्टर 130/80 च्या खाली ठेवायला सांगतात.

दुसरी चूक घाईची. बीपी 180 दिसलं की निफेडिपिनची, म्हणजे बीपी झटकन उतरवणारी कॅप्सूल फोडून जिभेखाली धरायची. माझ्याकडं कुणी चिठ्ठीशिवाय ती मागितली तर मी देत नाही, मग गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल. मेंदूच्या नसा चढलेल्या दाबाला सरावलेल्या असतात. दाब एकदम कोसळला की मेंदूला रक्त पुरत नाही आणि लकव्याला आपणच आमंत्रण देतो. तीन दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून "मोठ्या पॉवरची द्या" म्हणणारेही असेच उतावीळ. अम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीचा पूर्ण गुण यायला आठवडा तरी लागतो.

गुडघे दुखतात म्हणून रोज डायक्लोफिनॅक घेऊ नका; त्यानं बीपी चढतं आणि किडनीवर भार येतो.

बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर शुगर उतरल्यावरची धडधड आणि हातांची थरथर कळत नाही. घाम मात्र येतो. तेवढ्यावरून ओळखा.

जुन्या मधुमेहात उठल्यावर बीपी एकदम पडू शकतं. मशीनवर बसून मोजलं, की उभं राहूनही मोजा. मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मनानं सोडूही नका, रेटूही नका.

ठेचा आणि लोणचं दोन्ही एकाच ताटात नको, मीठ फार होतं.

मी स्वतः स्ट्रिपच्या मागं सुरू केल्याची तारीख पेनानं लिहितो. किती गोळ्या चुकल्या ते मोजल्यावर लगेच कळतं. तेच गिऱ्हाइकांनाही लिहून देतो.

आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली, तर तेलाची बाटली शोधू नका. 108 लावा आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता होता, ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या. दवाखान्यात पहिल्यांदा तीच विचारतात.