किल्ली बंद केल्यावरही धडधडत राहणारे एमजीबीचे इंजिन

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारचे १७९८ सीसीचे इंजिन तापलेले असताना किल्ली बंद केली, तरी ते काही सेकंद हिसके देत फिरत राहते, ही अनेक मालकांची तक्रार असते. किल्ली फिरवताच ठिणगी थांबते आणि विजेवर चालणारा पेट्रोल पंपही थांबतो. परंतु कार्बोरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यात, उरलेले पेट्रोल हवेबरोबर ओढले जातच राहते आणि सिलिंडरमधील एखाद्या तापून लाल झालेल्या जागेवर ते पेटते. थांबता थांबता इंजिनाला उलटा झटकाही बसू शकतो, म्हणून हा दोष अंगवळणी पडू देऊ नये.

प्रथम एक शंका दूर करावी. इंजिन हिसके न देता अगदी सुरळीत चालत राहिले, तर ठिणगी थांबलेलीच नाही असे समजावे. अशा वेळी किल्ली बंद असताना इग्निशन कॉइलपर्यंत (ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या गुंडाळीपर्यंत) वीज पोहोचते का हे मीटरने पाहावे आणि पोहोचत असेल, तर स्विच, रिले व तारा तपासाव्यात. कार्बोरेटरला हात लावण्याचे कारण नाही.

हिसके बसत असतील, तर इंजिन पूर्ण तापवून त्याची आयडल गती, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभ्या गाडीत इंजिन ज्या वेगाने फिरते ती, मोजावी. नंतरच्या बहुतेक गाड्यांना मिनिटाला ७५० ते ८५० फेरे पुरेसे असतात. माझ्या मते निम्म्याहून अधिक दुखणे येथेच असते, कारण गती जास्त म्हणजे थ्रॉटल (आत जाणाऱ्या हवेची वाट उघडणारी चकती) अधिक उघडा आणि किल्ली बंद केल्यावरही आत जाणारे मिश्रण अधिक. मात्र आयडलचा स्क्रू मागे फिरवूनही गती उतरत नसेल, तर हवा दुसरीकडून शिरत आहे. मॅनिफोल्डची (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीची) गॅस्केट, तडकलेल्या रबरी नळ्या आणि थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्या पाहाव्यात. एमजीबीवरील एसयू या बनावटीच्या काही कार्बोरेटरांत थ्रॉटलच्या चकतीवरच स्प्रिंगची एक लहान झडप असते. स्प्रिंग सैल झाली की तीही हवा आत सोडते, आणि म्हणूनच पुष्कळजण तेथे सलग चकती बसवतात.

त्यानंतर मिश्रण पाहावे. एसयू कार्बोरेटरमधला पिस्टन त्याच्या उचलण्याच्या पिनेने जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलावा. फेरे किंचित वाढून स्थिरावले तर मिश्रण योग्य, वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त, आणि इंजिन बंद पडू लागले तर पेट्रोल कमी. कमी पेट्रोलाचे मिश्रण इंजिनाला अधिक तापवते. इथेनॉलमिश्रित इंधनाने ते आणखी विरळ होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झाले आहे, तर भारतात आता ई-२० (वीस टक्क्यांपर्यंत) मिळते, त्यामुळे जुन्या जुळणीवर विसंबू नये.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडलेले असले तरी हाच परिणाम होतो, कारण ज्वलन उशिरा होऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात आणि गती राखण्यासाठी थ्रॉटल अधिक उघडावा लागतो. म्हणून ही वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर जुळवल्यानंतर आयडल गती पुन्हा मोजावी.

स्पार्क प्लग एनजीके बीपी६ईएस प्रकारचे, ०.६४ मिलिमीटर फटीचे असावेत. बीपी५ईएस अधिक तापतो, तर बीपी७ईएस थंड राहतो. पण मूळ कारण न शोधता थंड प्लग बसवणे मला पटत नाही, कारण गावातल्या संथ फेऱ्यांत त्यावर काजळी धरते. एवढे करूनही दोष राहिला, तरच सिलिंडर हेड उतरवून कार्बन खरवडावा.

तोवर गाडी थांबवताना ती चौथ्या गिअरमध्ये ठेवून, ब्रेक घट्ट दाबून किल्ली बंद करावी आणि क्लच हळूच सोडावा.

१९७० च्या दशकातील उत्तरार्धाच्या अनेक गाड्यांत, विशेषतः अमेरिकेसाठी बनलेल्यांत, इंजिन थांबवण्यासाठी विजेची स्वतंत्र झडप असते. किल्ली बंद होताच, तेलाचा दाब टिकून असेपर्यंत ती मॅनिफोल्डमधील निर्वात फ्लोट चेंबरकडे वळवते आणि त्यामुळे पेट्रोल वर चढत नाही. ही झडप मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती दोष झाकते, बरा करत नाही. चालत्या इंजिनाची किल्ली बंद करताच तिचा टक् असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर फ्यूज आणि ऑइल प्रेशर स्विच तपासावा. आवाज येऊनही इंजिन फिरत असेल, तर झडपेला जोडलेल्या नळ्या तडकलेल्या आहेत का ते पाहून आधी त्या बदलाव्यात.