आबनूस घेताय? आधी कापूस घासून बघा
सोलापुरात जुन्या बाजारात काळीभोर काठी नाहीतर पेटी दिसली की विकणारा लगेच "साहेब, ओरिजनल आबनूस" म्हणतो (आबनूस म्हणजे एबनी, काळं जड लाकूड), मी पण एकदा फसलोय, घरी आणून पुसली तर फडकं काळं. तेव्हापासून खिशात नेलपॉलिश रिमूव्हर आणि कापूस असतो, हसू नका. खालच्या बाजूला, जिथं पॉलिश नाही तिथं घासायचं, शाईसारखा काळा डाग उतरला की समजा रंगवलेलं साधं लाकूड. शिसम तेलकट असतं, ते जरा तांबूस-जांभळा रंग सोडतं, त्याला खोटं म्हणू नका. छोटा तुकडा असेल तर पाण्यात टाका, अस्सल आबनूस बहुतेक वेळा तळाला जातो. मात्र लगेच पुसून सावलीत ठेवा, आपल्या उन्हात तडे जायला वेळ लागत नाही. आणि कुठं फिकट पट्टा दिसला तर घाबरू नका, झाडाचा फक्त गाभा काळा असतो, बाहेरचं लाकूड फिकटच. गंमत म्हणजे आपल्याकडं बायका घरोघरी ज्या पानाच्या विड्या वळतात तो तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी, आबनूसाचीच सख्खी भावकी, दोघं डायोस्पायरॉस या एकाच प्रजातीतले.